कामाचे कपडे : चेनसॉवाल्यांच्या पँटचं माप – वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याआधीची छाटणी जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ओव्हरॉलचे खिसे, ॲप्रनचं कापड, सेफ्टी शूज चावतात त्याचं काय करावं, असं चाललेलं असतं. मागच्या अंकात मी चेनसॉवाल्यांच्या, म्हणजे फिरत्या दातेरी चेनच्या मशीनने झाडं कापणाऱ्यांच्या, संरक्षक पँटबद्दल जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की ती मापाची नसेल तर घालून न घातल्यासारखीच. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देते.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी शिंपीकाम करणारी बाई. नाशिकच्या पंचवटीत वडिलांच्या दुकानात मशीनवर बसायला शिकले, आता अंबडला कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे शिवते. चेनसॉची पँट मी शिवत नाही, आणि कुठल्याच टेलरने ती शिवायला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण मापं घेण्यात आयुष्य गेलं, आणि ह्या पँटचा निम्मा प्रश्न मापाचाच आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातला. चार-पाच पोरं घेऊन झाडं छाटायची, पाडायची कामं घेतो. बांधावरची निलगिरी, सुबाभूळ, कधी नाशकातल्या बंगल्यांमधले गुलमोहर. शेजारच्या गावात एकाच्या मांडीत कटर घुसलं, तेव्हा मनावर घेतलं आणि पोरांसाठी ऑनलाइन परदेशी सेफ्टी पँटी मागवल्या. माल चांगला आहे, पण अंगावर बसत नाही. कंबर बसली तर पाय टाचेखाली लोळतात, पायाने बसली तर बटण लागत नाही. पोरं खालून दुमडतात, वरून पट्टा आवळतात, आणि दहा वाजेपर्यंत काढून गाडीत टाकतात. गावातला टेलर म्हणतो, खालून चार इंच कापून मुडपून देतो. कापू का? आणि पुढच्या वेळी माप कसं कळवू?

उत्तर : दादा, कापू नका. टेलरकडे दिली असेल तर आजच परत आणा.

का ते सांगते. माझ्या कटिंग टेबलवर अशीच एक निकामी झालेली पँट मी उसवून ठेवली आहे. बाहेरचं कापड जाड, घासाला टिकणारं. त्याच्या आत एक वेगळी पिशवी, आणि त्या पिशवीत पांढऱ्या कापडाचे एकावर एक थर. हे थर साध्या कापडासारखे गच्च विणलेले नसतात. धागे लांबच लांब, शेवयांच्या जुडीसारखे, बोटाने ओढला की एक धागा सरसर हातात येतो. ती सगळी करामत त्या ओढल्या जाण्यात आहे. चालू चेन पँटला लागली की बाहेरचं कापड फाटतं, आतले धागे दातांना अडकून बाहेर ओढले जातात, चेनबरोबर फिरत मशीनच्या स्प्रॉकेटपर्यंत, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकापर्यंत, पोहोचतात आणि तिथे गुंता होऊन चेन जाम होते. म्हणजे ही पँट चेनला ढालीसारखी अडवत नाही, तिचा गळा आवळते. ज्याची ही पँट होती त्याने मशीनचं कव्हर उघडलेला फोटो मला दाखवला. स्प्रॉकेटभोवती पांढरा गुंडाळा बसलेला, पक्कड लावून ओढावा लागला असा. त्याच्या मांडीवर फक्त मुका मार होता.

आता त्या थरावर टेलरने मशीनची शिलाई मारली तर काय होईल ते तुमच्या लक्षात येईल. धागे जागच्या जागी शिवले जातात आणि ओढले जायचे बंद होतात. खालून कापलं तर धागे सुटे पडतात, दोन धुण्यांत गोळा होऊन खाली उतरतात. हा थर खालच्या काठापासून जास्तीत जास्त ५ सेंटीमीटरवर सुरू व्हायला हवा, असं ह्या पँटींच्या मानकातच आहे. तुमचा टेलर चार इंच म्हणजे १० सेंटीमीटर कापणार, तेव्हा कात्री थरातूनच जाणार. त्याचा दोष नाही, त्याच्या दृष्टीने ती पँटच आहे. आम्हा टेलर लोकांना सुई कुठे घालायची ते शिकवतात, कुठे घालायची नाही ते कोणी शिकवत नाही.

दुमडूनही घालू नका. बाहेरून दुमडलेल्या मोहरीत, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाशी, भुसा साठतो, काटकी अडकते, आणि माणूस फांद्यांच्या पसाऱ्यात चालू मशीन हातात घेऊन ठेचकाळतो. शिवाय लांब पँटचा गुडघा खाली नडगीवर येतो. ह्या पँटींना गुडघ्याला आकार दिलेला असतो. तो आकार भलत्या जागी आला की पाय वाकवताना जाड थर आडवा येतो, आणि पोरं म्हणतात पँट कडक आहे. बऱ्याचदा पँट कडक नसते, लांब असते.

मापाचा मी एवढा आग्रह का धरते? चेन लागते तेव्हा ती कापडाला जोराने एका बाजूला ओढते. पँट ढगळ असेल तर ती पायाभोवती फिरते, थर बाजूला जातो आणि मागचं एकेरी कापड पुढे येतं. घरी करून बघा. पँट घालून उभं राहायचं, दुसऱ्याने मांडीवरचं कापड मुठीत धरून बाहेरच्या बाजूला पिळायचं. समोरचा भाग सहज कडेला गेला तर त्या माणसासाठी ती पँट मोठी आहे. थोडी हलून परत जागेवर आली तर ठीक.

आता माप. जीन्सच्या लेबलवरचा आकडा सांगू नका. आपली पोरं जीन्स कमरेखाली, कुल्ल्यांवर घालतात. ही पँट वर, बेंबीच्या दोन बोटं खाली बसते, आणि तिथला घेर वेगळा येतो. टेप तिथेच लावा, पोट आत न ओढता. मांडीचं माप उभ्याने नको, उकिडवं बसवून घ्या, कारण काम करताना मांडी तेवढीच फुगते. पायाची लांबी आतल्या बाजूने घ्या, जांघेपासून खाली, आणि ज्या बुटांवर काम करणार ते बूट घालून. ही सगळी मापं सेंटीमीटरमध्ये लिहा, युरोपातले तक्ते तसेच असतात.

पँटीवरचा ४८, ५०, ५२ हा आकडा इंचातली कंबर नव्हे. पुरुषांच्या मापात त्यातून १६ वजा केले की कंबरेचा इंचातला अंदाज येतो, ५० म्हणजे साधारण ३४. पण तो अंदाजच. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, तो बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे: काही कंपन्या त्याच कंबरेत आखूड, नेहमीची आणि लांब अशा वेगवेगळ्या पायांच्या पँटी काढतात. आपल्याकडे सव्वापाच-साडेपाच फुटांच्या माणसाचा आतला पाय २८ इंचांच्या आसपास भरतो, आणि नेहमीच्या युरोपीय पँटचा ३१-३२ इंच. तुमचे ते चार इंच तिथून आले. ऑनलाइन दुकानात बहुतेकदा नेहमीचीच लांबी मांडलेली असते. तेव्हा विक्रेत्याला स्पष्ट विचारा, ह्याच कंबरेत आखूड पाय मागवून देता का? हस्कवर्ना, स्टिल यांचे विक्रेते आपल्या भागात आहेत, त्यांच्याकडे आधी तक्ता मागा. अंबड-सातपूरच्या सेफ्टीच्या दुकानांतही मागवून मिळते का ते विचारून बघा, पण तिथे एक सांभाळा. 'कट रेझिस्टंट' लिहिलेला प्रत्येक कपडा चेनसॉसाठी नसतो. पत्र्याच्या कामाचे हातमोजे आणि कपडे पात्याच्या धारेला पुरतात, फिरत्या चेनला नाही.

चेनसॉसाठीच्या पँटवर ढालीच्या आकारात मशीनचं चित्र असतं, आणि ईएन आयएसओ ११३९३-२ हा मानकाचा क्रमांक. जुन्या मालावर ईएन ३८१-५ दिसेल. शेजारी क्लास लिहिलेला असतो. क्लास १ ची चाचणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर होते, क्लास २ ची २४ वर, क्लास ३ ची २८ वर. २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आपल्या हायवेवरच्या गाडीचा वेग. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत चेनचा वेग दिला असेल तर तो ह्याच्याशी ताडून पाहा. मशीनचा वेग पँटच्या क्लासपेक्षा जास्त असेल तर फुल रेसवर पँट कमी पडू शकते, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

क्लासच्या जोडीला A, B, C अशी अक्षरं असतात. A आणि B मध्ये थर पायाच्या समोरून असतो आणि कडेने थोडा वळवलेला, मागे एकेरी कापड. C मध्ये पाय चारी बाजूंनी झाकलेला. जमिनीवर उभं राहून पाडणाऱ्या, तुकडे करणाऱ्या सरावाच्या माणसाला A पुरते. झाडावर चढून दोरावर लोंबकळत कापणाऱ्याला C घ्या, कारण तिथे मशीन कुठल्या अंगाने येईल याचा भरवसा नाही. नवशिक्यालाही C.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पोरं दहा वाजता पँट काढतात त्यात मापाबरोबर उन्हाचाही हात असणार. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि मांडीवर इतके थर म्हणजे गोधडी बांधून काम करणं. म्हणून माझा सल्ला असा की जमिनीवरच्या कामाला A घ्या, मागून वारा तरी लागतो. मांडीमागे झिप असलेल्या पँटीही येतात, झिप उघडली की जाळीतून हवा खेळते. मशीनचं काम सकाळी सहाला सुरू करून साडेदहाच्या आत उरका, फांद्या ओढायचं, भरायचं काम मागाहून. क्लास ३ ची जाड पँट गाडीत पडलेली असण्यापेक्षा क्लास १ ची पायात असलेली मला दहापट बरी वाटते.

आता आलेल्या पँटींचं काय करायचं? परत होत असतील तर परत करा. होत नसतील तर आधी अदलाबदल करून बघा. उंच पोराला लांब, जाड्याला मोठी, असं दोन-तीन तरी जमून जाईल. कंबर ढगळ असेल तर पट्टा आवळू नका, त्याने समोरच्या थराला चुण्या पडतात आणि पोटात रुततं. खांद्यावरून येणारे गॅलस लावा. बहुतेक पँटींना आतून त्यासाठी बटणं असतातच. चिमट्याचे गॅलस नकोत, वाकलं की सटकतात, बटणाचेच घ्या. गॅलस लावल्यावर पँट दिवसभर जिथल्या तिथे राहते. हा एवढासा बदल करून बघा, अर्धी कुरकूर थांबेल.

टेलरचं काम एकाच ठिकाणी, कंबरेच्या मागच्या मधल्या शिवणीत. A पँटमध्ये तिथे थर नसतो. तिथून इंच-दीड इंच आत घेता येतं, पण आधी कंपनीची पुस्तिका वाचा, आणि तिथे कुठलाही बदल करू नये असं लिहिलं असेल तर तेही नको. खालच्या मोहरीत थराचा काठ बोटांनी चाचपून बघा. थर संपल्यावर खाली जेवढं नुसतं कापड उरतं, तेवढंच आतल्या बाजूला दुमडून हाताने टाके घालता येतील, ते दोन-चार सेंटीमीटरच असेल. त्यावर लांब राहिली तर ती पँट त्या माणसाची नव्हे.

नवी पँट आली की लेबल काढायच्या आधी तपासा. बूट घालून उकिडवं बसवा, मोहरी बुटाच्या काठाच्या वर जाता कामा नये. अमेरिकेच्या नियमात पायाचं संरक्षण मांडीच्या मुळापासून थेट बुटाच्या काठापर्यंत सलग हवं असं म्हटलंय, मध्ये फट नको. मग द्राक्षाचं क्रेट उलटं ठेवून त्यावर एक पाय ठेवायला सांगा. जांघेत ओढ बसली तर आसन कमी आहे, आणि आसन खाली लोंबत असेल तर ओंडका ओलांडताना अडकणार. डाव्या पायाकडे जास्त लक्ष द्या. उजव्या हाताने मशीन चालवणाऱ्याचा काप पुरा झाला की मशीन खाली डाव्या मांडी-गुडघ्याकडेच येतं.

प्रश्न : दोन जाड जीन्स एकावर एक घातल्या तर चालेल का? चामड्याचा वेल्डिंग ॲप्रन आहे, तो? – सिन्नर

उत्तर : नाही. जीन्सचे सुती धागे आखूड, चेन त्यांना तोडते आणि पुढे जाते, गुंता होत नाही. चामडंही कापलं जातं. चामड्याचा ॲप्रन ठिणगीसाठी आहे, आणि त्याचं खाली लोंबणारं टोक चेनमध्ये ओढलं गेलं तर मशीन उलट अंगाकडे येईल. पैसे जमेपर्यंत मशीन दुसऱ्या, पँट असलेल्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही फांद्या ओढा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी गिरणारे भागात शेत सांभाळते. मुलगा पुण्याला असतो. आंब्या-पेरूची छाटणी मला मजुरांवर सोडवत नाही, म्हणून बॅटरीवरचं हलकं चेनसॉ घेतलं. दुकानदाराने दाखवलेली पँट पुरुषांची, कुल्ल्यांत आवळते आणि कंबरेला हात जाईल एवढी ढगळ. त्यापेक्षा सलवारीवर बांधायच्या चॅप्स, म्हणजे पाय फक्त पुढून झाकणारी, मागून बक्कलने बांधायची पानं, घेऊ का? बॅटरीचं मशीन आहे, मग एवढं लागतं का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. शेतातली निम्मी कामं बायका करतात आणि कामाचा एक कपडा त्यांच्या मापाचा निघत नाही. कारखान्यांतल्या मुलींसाठी मी ह्यावर रोज भांडत असते.

शेवटचा प्रश्न आधी घेते. बॅटरीचं मशीन हलकं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पेट्रोलच्या मशीनमध्ये धाग्यांचा गुंता झाला की क्लच घसरतो, इंजिन दबतं. विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा असतो, आणि गुंता झाला तरी ती रेटत राहू शकते. म्हणून पँट बनवणारेच सांगतात की विजेवरच्या मशीनवर थर तितका खात्रीने काम करेलच असं नाही. पँट हवीच, पण तिच्या जिवावर धाडस नको. आणखी एक, बॅटरीचं मशीन चेन फिरत नसताना आवाज करत नाही, ते जिवंत आहे हे विसरायला होतं. चेनला हात लावायच्या आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा, प्रत्येक वेळी.

आता कपडा. बायकांच्या बांध्याच्या चेनसॉ पँटी युरोपातल्या कंपन्या काढतात. दुकानदाराने दाखवली नाही म्हणजे नसते असं नाही, त्याला तक्त्यात बघून मागवायला लावा. मागवताना कंबर नाही, कुल्ल्यांचा सगळ्यात मोठा घेर आधी सांगा आणि त्यावर पँट ठरवा. कंबर मागच्या शिवणीतून कमी करता येते, कुल्ल्यांत वाढवता येत नाही. तुम्हाला दाखवलेली पँट कुल्ल्यांत आवळते, म्हणून ती सोडाच. आवळलेल्या पँटमध्ये खाली बसताना ती मागून खाली ओढली जाते, बाई एका हाताने पँट सावरते, आणि मशीन एकाच हातात राहतं. चेनसॉ एका हाताने धरायची वस्तू नाही.

तोपर्यंत चॅप्स चालतील, आणि तुमच्यासारख्या थोडा वेळ काम करणारीला त्या कदाचित कायमच्या बऱ्या. घालायला-काढायला सोप्या, कंबरेचा पट्टा हवा तेवढा आवळता येतो, मागून मोकळ्या. पण सलवारीवर नकोत. सलवारीचा घेर चॅप्सच्या कडेने बाहेर फुगतो, आणि तेच कापड चेन आधी पकडते. अंगासरशी ट्रॅक पँट किंवा मुलाची जुनी जीन्स घाला, वर सदरा खोचून, ओढणी घरी. पायामागचे सगळे बक्कल लावा. खालचा, पोटरीवरचा बक्कल उकडतं म्हणून लोक मोकळा सोडतात, आणि मग चॅप्सचं पान वाऱ्याने, फांदीने उलटतं आणि नडगी उघडी पडते. चॅप्सची लांबी बुटावर निदान दोन इंच आलेली हवी. बूटही साधे नकोत. पुढे लोखंडी टोपी असली तरी वरचं चामडं चेन कापते, चेनसॉच्या बुटावर ईएन आयएसओ १७२४९ ही वेगळी खूण असते. गमबूट घेणार असाल तरी त्यावर ती खूण आणि मशीनचं चित्र बघून घ्या.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत दोन मोठे गुलमोहर पावसाळ्याआधी छाटायचे आहेत. दर वर्षी येणारा कटरवाला बर्म्युडा आणि चप्पल घालून येतो. सांगितलं तर म्हणतो, वीस वर्षं असंच करतोय. सेक्रेटरी म्हणून मी काय करावं?

उत्तर : आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी हातात आहे का बघा. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, आणि घाईघाईत, परवानगीशिवाय, रविवारी सकाळी उरकायच्या कामातच लोक सगळ्यात जास्त निष्काळजी असतात.

कटरवाल्याला उपदेश करू नका. त्याला पँट परवडत नाही किंवा मापाची मिळालेली नाही, त्यातलं काहीतरी आहे. तुम्ही सोसायटीच्या खर्चातून चॅप्सचा एक जोड घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. पँट एका माणसाच्या मापाची असते, चॅप्स पट्ट्यावर कमी-जास्त होतात, त्यामुळे येईल त्याला बसतात. लांबी मध्यम उंचीच्या माणसाची घ्या. आणि दर ठरवतानाच सांगा, चॅप्स आणि बूट घातल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, त्यासाठी वेळ जास्त गेला तर त्याचे पैसे देऊ. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. उक्त्या कामात माणूस वेळ वाचवायला बक्कल सोडतो. झाडावर चढून कापणार असेल तर मात्र चॅप्स पुरत नाहीत, त्या फांदीत अडकतात. वरच्या कामासाठी ज्याच्याकडे स्वतःची C पँट, दोर आणि हार्नेस आहे असाच माणूस शोधा, दोन पैसे जास्त लागले तरी.

प्रश्न : माझे मिस्टर ठेकेदाराकडे झाडं तोडायला जातात. पँटला तेल, डिंक, भुसा, सगळं चिकटलेलं असतं. मी ब्लीच टाकून गरम पाण्यात भिजवते आणि ब्रशने घासते. परवा हाताला आत गाठी लागल्या. बिघडली का? मांडीवर एक छोटा कापही आहे, तो मी शिवून टाकला. – नाशिकरोड

उत्तर : वहिनी, ती पँट आता मिस्टरांना घालू देऊ नका. तुम्ही ज्या मायेने धुतलीत आणि शिवलीत ते मला कळतं, आपल्या घरांत कपडा असाच जपतात. पण ह्या एका कपड्याला ते चालत नाही. गाठी म्हणजे आतले धागे गोळा झालेत, आणि गाठ जिथून सरकली तिथे मांडी उघडी आहे. ठेकेदाराला सांगून नवी घ्यायला लावा.

नवी आली की तेल-डिंक वाळायच्या आधी, त्याच संध्याकाळी कोरड्या मऊ ब्रशने भुसा झटका. धुताना झिप आणि बटणं लावून, उलटी करून, लेबलवर असेल तेवढ्याच कोमट पाण्यात, साध्या पावडरीत. ब्लीच नाही, सुगंधी कंडिशनर नाही. बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट निघत नाही, तेव्हा एकदा जास्त खळबळा. पिळू नका, निथळत टांगा, सावलीत. इस्त्री अजिबात नको, हे धागे बहुतेकदा प्लास्टिकच्या जातीचे असतात, वितळून एकमेकांना चिकटतात. धुणं टाळूही नका. तेल आणि डिंक आत मुरले की धागे चिकटतात आणि ओढले जात नाहीत, म्हणजे घाण पँटही तितकीच निकामी.

काप पडला तर बोट घालून बघायचं. नुसतं बाहेरचं कापड फाटलं असेल आणि आतल्या पिशवीला ओरखडाही नसेल, तर कंपनीचं चिकटणारं ठिगळ मिळतं ते लावा, सुई नको. पांढरा धागा एक जरी बाहेर दिसला तरी पँट बाद. ती भंगारात देताना पाय मधून कापून द्या, नाहीतर जुन्या बाजारातून ती दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर जाईल.